पेपर सोपा काढू की कठीण? दहावीच्या गणिताच्या मॅडमचं पत्र आणि त्यावर उत्तर

पत्र :

सर, मी तालुक्याच्या गावी एका शाळेत गणित शिकवते. यंदा पहिल्यांदाच दहावी माझ्याकडे आलीय. दिवाळीनंतर सांख्यिकी, समरूपता आणि त्रिकोणमिती अशा तीन प्रकरणांवर मिळून ४० गुणांची चाचणी घेतली. पुस्तकातली गणितं जशीच्या तशी दिली नाहीत, आकडे बदलले, आकृत्या फिरवल्या, एवढंच. निम्मा वर्ग १५ च्या खाली गेला. एका मुलीला सगळी प्रमेयं तोंडपाठ आहेत, ती ११ गुण बघून वर्गातच रडली. मुख्याध्यापक म्हणतात पेपर कठीण होता, पालकसभेच्या आत पुस्तकातलाच सोपा काढून परत घ्या. आमचे सीनियर सर म्हणतात गाइडमधनं उचलायचा ना, डोकं कशाला लावता. मला अजूनही वाटतं माझा पेपर बरोबर होता. पण मग मुलांना आलं का नाही? परत घेऊ का? आणि घेतलीच तर सूत्रं फळ्यावर लिहून द्यायची का?

उत्तर :

नमस्कार मॅडम,

पहिलं उत्तर आधीच देऊन टाकतो, परत घेऊ नका. म्हणजे सोपा करून नका घेऊ आणि हट्टानं तसाच कठीणही नका घेऊ. सोपा करून घेतलात की निम्मा वर्ग ३० च्या वर जाईल, पालकसभा गोडीगुलाबीत पार पडेल, चहाबिस्किटं होतील, आणि मार्चमध्ये तीच पोरं त्याच ठिकाणी अडकतील. आणि तसाच घेतलात तर त्या मुलीचे ११ चे १२ होतील, तुम्हाला नवीन काही कळणार नाही.

पेपर तुमचा बरोबरच होता हो. बोर्डाच्या पेपरात चौथा आणि पाचवा प्रश्न बहुतेक पुस्तकाबाहेरचेच असतात, मग आकडे बदलले म्हणून पेपर कठीण हे म्हणणं टिकत नाही. पण पेपर योग्य असणं वेगळं आणि तो उपयोगी पडणं वेगळं. तीन प्रकरणं एकात, दोन तासांचा पेपर, शेवटी हातात काय तर एक आकडा, ११. घरातला मेन फ्यूज उडाला की सगळीकडे अंधार होतो पण नेमकी कुठली वायर जळाली ते कळत नाही, तसं झालंय हे. त्या ११ मध्ये आकृतीच काढता आली नाही हे पण आहे, वजाबाकी चुकली हे पण आहे, आणि वेळ पुरला नाही हे पण आहे, आणि या तिन्हीवरचा इलाज पूर्ण वेगळा आहे.

तर पहिलं काम, उत्तरपत्रिका अजून तुमच्याकडे असतील तर परत एकदा काढा. गुण झाकून ठेवा आणि चुकीप्रमाणे गठ्ठे करा. एका गठ्ठ्यात ज्यांनी आकृतीच चुकीची काढली ते, दुसऱ्यात आकृती बरोबर पण सूत्र भलतंच लावलेले, तिसऱ्यात सगळं बरोबर पण शेवटी आकडेमोडीत गेलेले, आणि चौथ्यात ज्यांनी प्रश्नाला हातच लावला नाही ते. हा चौथा गठ्ठा तुम्ही समजता त्यापेक्षा मोठा निघेल असा माझा अंदाज आहे आणि त्याचं कारण पुढे सांगतो. एक रविवार जाईल यात, पण पुढचे दोन महिने काय शिकवायचं ते त्या गठ्ठ्यांतच लिहिलेलं असतं.

त्यानंतर चाचणी घ्यायचीच असेल तर छोट्या घ्या, वीस-वीस मिनिटांच्या, एका वेळी एकच प्रकरण, आणि दुसऱ्या दिवशी तपासून परत. आठवडा गेला की पोरं फक्त गुण बघतात, चूक कुणी बघत नाही.

आता प्रकरणं घेऊ. सांख्यिकीत पोरं सूत्र विसरतात असं सगळ्यांना वाटतं, पण खरी गोची सूत्रात नसतेच, सूत्रात काय भरायचं त्यात असते. समजा तुम्ही ४० मुलांना घरून शाळेत यायला किती मिनिटं लागतात त्याची सारणी दिली. ० ते १० मध्ये ६ मुलं, १० ते २० मध्ये १०, २० ते ३० मध्ये १६, ३० ते ४० मध्ये ५, आणि ४० ते ५० मध्ये ३. मध्यक काढा, म्हणजे सगळे क्रमानं लावले तर मधोमध येणारी किंमत. एकूण ४०, निम्मे २०, संचित वारंवारता (वरून खाली बेरीज करत आलेली संख्या) ६, १६, ३२ अशी जाते म्हणजे मध्यकवर्ग २० ते ३०. इथपर्यंत बहुतेक सगळे येतात. आता सूत्रात मध्यकवर्गाच्या *आधीच्या* वर्गाची संचित वारंवारता घालायची, म्हणजे १६, आणि मध्यक येतो २२.५. पण निम्मी पोरं त्याच ओळीतली ३२ उचलतात, कारण बोट त्याच ओळीवर असतं ना, आणि उत्तर काढतात १२.५. बिनधास्त खाली डबल रेघ मारून पुढच्या गणिताला. अहो, तूच म्हणालास मध्यक २० ते ३० च्या वर्गात आहे, मग १२.५ तिथं कसा बसेल? हे बघायची सवयच नाही.

म्हणून चाचणीत पूर्ण गणित देऊ नका. हे १२.५ वालं सोडवलेलं गणित द्या आणि विचारा, हे उत्तर चूक आहे हे आकडेमोड न करता कसं ओळखाल, आणि चूक कुठल्या ओळीत आहे. तीन गुण. ज्याला हे आलं त्याच्याकडून मध्यक परत चुकणार नाही, आणि ज्याला नाही आलं त्याला कितीही गणितं सोडवायला दिलीत तरी तो ३२ च घालणार.

याच सारणीवर अजून एक प्रश्न माझ्या फार आवडीचा आहे. मध्य, म्हणजे सरासरी, काढला तर २२.२५ येतो. आता सांगा की एसटीची फेरी बंद झाली आणि शेवटच्या वर्गातल्या त्या तिघांना ४० ते ५० ऐवजी ७० ते ८० मिनिटं लागायला लागली, तर मध्य बदलेल की मध्यक बदलेल की दोन्ही? मध्य जातो २४.५ वर, मध्यक जागचा हलत नाही. तुमच्या वर्गात पायपीट करून नाहीतर एसटीनं येणारी पोरं असणारच, त्यांना हा प्रश्न पटकन भिडतो, आणि मध्य-मध्यक ही दोन वेगळी कामं करणारी मापं आहेत हे तिथं कळतं. नाहीतर त्यांच्या लेखी ती नुसती सूत्रं असतात, परीक्षेआधी पाठ करायची आणि नंतर सोडून द्यायची. मध्य काढायच्या सरळ पद्धत, गृहीतमध्य, मध्यप्रमाण विचलन अशा तीन पद्धती आहेत, त्यावर फार वेळ घालवू नका, तिन्हीचं उत्तर एकच येतं हे एकदा करून दाखवा आणि पुढं जा. हां, २०-२९, ३०-३९ असे वर्ग आले की ते आधी १९.५-२९.५ असे सलग करून घ्यायचे, हे मात्र एकदा चाचणीत टाकाच, कारण खालची सीमा २० धरून मध्यक ०.५ नं चुकवणारे दर वर्षी निघतात.

आता समरूपता, आणि त्या मुलीबद्दल. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हेच. प्रमेयं तोंडपाठ आणि गुण ११. तुम्ही बहुतेक त्रिकोणाची अक्षरं बदलली असणार, पीक्यूआर केलं असणार, किंवा आकृती आडवी केली असणार, आणि तिनं तरीही पुस्तकातल्या एबीसीचीच सिद्धता लिहिली असणार. बरोबर का? ती पोरगी आळशी नाही हो, उलट सगळ्यात जास्त मेहनत तिनंच केलीय, फक्त मेहनत चुकीच्या जागी गेलीय. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता, सगळं कवितेसारखं पाठ. तिला रागावू नका आणि "समजून घे गं" असंही म्हणू नका, त्यानं काही होत नाही.

तिला असं द्या. प्रमाणाचं मूलभूत प्रमेय घ्या, त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर रेषा उरलेल्या दोन बाजूंना एकाच प्रमाणात छेदते ते. त्याची सिद्धता चार ओळींत मांडा, एकेक ओळ एकेका चिठ्ठीवर लिहा, चिठ्ठ्या पिसून द्या, क्रम लावायला सांगा. तो ती पटकन लावेल. मग विचारा, रेषा समांतर आहे असं पक्षात दिलंय ते यातल्या नेमक्या कुठल्या ओळीत वापरलं? तिथं ती थांबेल बघा. पहिल्या दोन ओळी समान उंचीच्या त्रिकोणांच्या आहेत, त्यात समांतरचा काही संबंध नाही, रेषा तिरकी असती तरी त्या खऱ्याच राहिल्या असत्या. समांतरचं काम तिसऱ्या ओळीत येतं, एकाच पायावरचे आणि त्याच दोन समांतर रेषांमधले म्हणून ते दोन त्रिकोण सारख्या क्षेत्रफळाचे, आणि मग चौथी ओळ आपोआप पडते. ती ओळ काढून टाकली तर प्रमेय कोसळतं. हे ज्या दिवशी तिला दिसेल त्या दिवशी एबीसी असो नाहीतर पीक्यूआर, तिला फरक पडणार नाही.

आणि याच आकृतीवर मी चाचणीत एक त्रिकूट विचारायला सांगेन. त्रिकोण एबीसी, एबी बाजूवर बिंदू डी, एसी वर ई, डीई समांतर बीसी, आणि एडी ला डीबी २:३. पहिला प्रश्न, त्रिकोण एडीई आणि त्रिकोण डीबीई यांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर? दुसरा, एडीई आणि अख्खा एबीसी? तिसरा, एडीई आणि खालचा समलंब चौकोन डीबीसीई? उत्तरं अशी, पहिल्याचं २:३ कारण उंची समान, दुसऱ्याचं ४:२५ कारण समरूप आणि भुजा २ ला ५, तिसऱ्याचं ४:२१. आता पोरं काय लिहितात ते बघा. पहिल्याला ४:९, कारण क्षेत्रफळ दिसलं की वर्ग करायचा एवढंच डोक्यात असतं, त्रिकोण समरूप आहेत का कोण बघतो. दुसऱ्यालाही ४:९, कारण २:३ दिलेलं असताना २:५ कुठून आणायचं. दोन्हीकडे ४:९ लिहिलेलं दिसलं तर तुम्हाला तपासतानाच कळेल कोण कुठं आहे, विचारायची पण गरज नाही. आणि गंमत म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे त्या तोंडपाठ सिद्धतेची पहिली ओळच आहे! तुमच्या त्या मुलीनं ती ओळ पन्नास वेळा लिहिली असेल, तरी इथं तिला ती ओळखू येईल की नाही ते बघण्यासारखं आहे.

त्रिकोणमितीला एवढं पाल्हाळ नको, तिथं दोनच गोष्टी बघा. पहिली, शाब्दिक उदाहरणांत पाच प्रश्न द्या आणि वर ठळक लिहा, *फक्त कच्ची आकृती काढा, सोडवू नका.* पोरांना वाटतं सर्वात सोपा पेपर आला. दीपगृह ९० मीटर उंच, वरून जहाज पाहताना ६० अंशाचा अवनत कोन, तर जहाज किती लांब? यात अवनत कोन वरच्या आडव्या रेषेपासून मोजायचा, पण अर्धी पोरं तो दीपगृहाच्या उभ्या भिंतीपासून मोजतात, आणि मग उत्तर ५१.९ मीटरच्या ऐवजी १५५.७ येतं. आकृती बघितली की एका नजरेत कळतं, पूर्ण गणित तपासत बसलं की ते √३ च्या भागाकारात लपून जातं. वर एक आडवा प्रश्न टाका, कोन ४५ असता तर अंतर बरोबर ९० आलं असतं, मग ६० ला जहाज जवळ असेल की लांब? जास्त वाकून बघावं लागतंय म्हणजे जवळ, मग १५५ कसं येईल. बास.

दुसरी गोष्ट नित्यसमानता, म्हणजे साइनचा वर्ग अधिक कॉसचा वर्ग बरोबर एक, असली समीकरणं. पुस्तकात साइन थीटा ७/२५ दिलंय, ते दिलं की २४/२५ आपोआप तोंडातनं बाहेर पडतं, त्यातून कळत काहीच नाही. २०/२९ द्या. कॉस २१/२९ आला तर ठीक, ९/२९ आला तर समजायचं की वर्ग आणि वर्गमूळ गाळून पोरगं सरळ एकातून वजा करतंय. आणि सिद्ध करायच्या उदाहरणांत जे साध्य करायचं तेच पहिल्या ओळीत खरं धरून दोन्हीकडे तिरकस गुणाकार करत सुटतात त्यांचे गुण कापा, दया दाखवू नका, डावी बाजू घ्या आणि उजवीपर्यंत चालत जा.

आता तो चौथा गठ्ठा, हातच न लावलेल्यांचा. बोर्डाचा पेपर ४० गुणांचा आणि २ तासांचा असतो पण छापलेले प्रश्न किती गुणांचे असतात ते कधी मोजलंय का? पाचापैकी चार, चारापैकी दोन, तिनापैकी दोन असे पर्याय धरून बेरीज केली तर ६० होते. म्हणजे २० गुण सोडून द्यायची मुभा आहे. पोरांना आणि क्लासवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून ऑगस्टपासूनच "त्रिकोणमिती मी ऑप्शनला टाकलीय सर" सुरू होतं. तुमच्या चाचणीत पर्याय होता का माहीत नाही, पण होता असं धरून चालतो, कारण आपल्याला बोर्डासारखा पेपर काढायची सवय असते. या छोट्या चाचण्यांत पर्याय अजिबात ठेवू नका. एका गुणाचा प्रश्न सगळ्याच प्रकरणांतून येऊ शकतो, शिवाय अकरावीला सायन्स घेतलं तर त्रिकोणमिती काही पाठ सोडत नाही, हे त्यांना सांगा. पर्याय प्रिलिमला ठेवा, तिथं मात्र अगदी बोर्डाच्या साच्यात, भाग एक वेगळा आणि भाग दोन वेगळा, कारण सांख्यिकी पहिल्या पेपरात आणि भूमिती-त्रिकोणमिती दुसऱ्यात येते, आणि कुठला प्रश्न सोडायचा हे ठरवायचा सराव पण लागतोच. ते पण एक कौशल्य आहे, नाक मुरडू नका.

मुख्याध्यापकांशी भांडू नका. त्यांना पालकसभेची भीती आहे आणि ती खोटी नाही, निकालाची टक्केवारी वर त्यांनाच विचारतात. त्यांच्याकडे जाताना "माझा पेपर बरोबर होता" हे वाक्य घरी ठेवून जा आणि गठ्ठ्यांचा कागद घेऊन जा. इतक्या मुलांची आकृती चुकते, इतक्यांची आकडेमोड, इतक्यांनी सोडूनच दिलंय, मी पुढच्या चार आठवड्यांत हे असं असं करणार आहे, सर या चाचणीचे गुण फक्त माझ्या वहीत राहू द्या, प्रगतिपत्रकावर नको. माझ्या अनुभवात इतकं ठोस काही समोर आलं की बहुतेक मुख्याध्यापक सुटकेचा श्वास सोडतात. पालकांनाही तेच सांगा, पण एकेकाला, आणि गुणांऐवजी त्याच्या पोराची चूक दाखवा. "तुमचा मुलगा गणितात कच्चा आहे" यावर बाप पोराला घरी जाऊन बडवतो, "तुमचा मुलगा आकृती काढायचा कंटाळा करतो, रोज दोन आकृत्या काढून घ्या" यावर निदान पेन्सिल आणून देतो.

सीनियर सरांना काही उत्तर देऊ नका. गाइडमधनं पेपर काढला की गाइड पाठ आहे का एवढंच कळतं, पण हे त्यांनाही माहीत असतं, त्यांनी रिटायरमेंटपर्यंतचा हिशोब लावलाय, तुमची अजून पंचवीस-तीस वर्षं जायचीत.

राहता राहिली सूत्रं. वीस मिनिटांच्या चाचण्यांत मध्यकाचं आणि बहुलकाचं (सगळ्यात जास्त वेळा येणाऱ्या किमतीचं) सूत्र सरळ फळ्यावर लिहा, सगळ्यांना दिसेल असं मोठं, कारण तिथं तुम्हाला सूत्रात काय भरतात ते बघायचंय, पाठांतर नाही. त्रिकोणमितीच्या तीन नित्यसमानता लिहू नका, त्यातली पहिली आली की बाकीच्या दोन कॉसच्या नाहीतर साइनच्या वर्गानं भागून एका ओळीत निघतात, हवं तर ते काढून दाखवायलाच एक गुण ठेवा. आणि प्रिलिमला फळा कोरा. तो पुसायचं काम मागच्या बाकावरच्या कुणालाही सांगू नका, स्वतः पुसा, कोपऱ्यात बारीक अक्षरात काहीतरी राहून जातंच.